डॉर्कस आत्याचा मोशे

आर्विनच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी आम्हा म्हाताऱ्या बायकांचं वाचनमंडळ भरतं. गेल्या महिन्यात एक जाडजूड कादंबरी हाती पडली. जमीन सुटलेलं एक कुटुंब गाडीत बिऱ्हाड भरून कॅलिफोर्नियाला येतं, अशी. ती समजावून सांगायला बेकर्सफील्डच्या कॉलेजातली एक तरुण बाई येते. तिनं फळ्यावर मधोमध रेघ ओढली, डावीकडे बायबल लिहिलं आणि उजवीकडे कादंबरी. इकडे मिसर देश, तिकडे सुटलेलं शेत. इकडे अरण्य, तिकडे वाळवंटातला रस्ता. इकडे यार्देन नदी, तिकडे कोलोरॅडो. लेखकानं ही साम्यं किती कौशल्यानं पेरली आहेत, असं ती म्हणाली आणि सगळ्याजणी मुकाट्यानं वहीत उतरवून घेऊ लागल्या.

माझ्या शेजारी डॉर्कस आत्या बसली होती. वय एकोणऐंशी, मांडीवर पर्स, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. तिनं शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

"बाई, लेखकानं पेरली असतील तर त्याचं कौतुकच आहे," ती म्हणाली. "पण आम्ही घरून निघतानाच सगळी पेरून निघालो होतो. त्यातलं एक असं उगवलं की आमच्याच उरावर बसलं."

एवढं बोलून तिला हसू फुटलं. आत्याचं हसू एकदा सुटलं की ते तिच्या ताब्यात राहत नाही. आधी खांदे हलतात, मग पर्स हलते, मग खुर्ची. बाई बिचारी खडू धरून उभी. शेवटी आत्यानं डोळे पुसत माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगायचं काम माझ्यावर ढकललं. तिथे मला धड सांगता आलं नाही, कारण मीही हसत होते. म्हणून आता नीट बसून सांगते.

आधी या हसण्याचं सांगायला हवं. आम्ही टॅकेट मंडळी ओक्लाहोमातली, चेकोटाजवळची, आणि आमचं चर्च पेंटेकॉस्टल. तिथे पवित्र आत्मा अंगात संचारला की कोणी नाचतं, कोणी परकी भाषा बोलतं, कोणी आडवं होऊन लोळतं, आणि एखाद्याला हसू येतं. ते पवित्र हसू, देवाचं देणं. आत्याला ते सातव्या वर्षी आलं आणि चर्चभर तिचं कौतुक झालं. अडचण एवढीच होती की तिला ते चर्चबाहेरही येई. कोंबडी बादलीत पडली की येई, पाद्र्याच्या टोपीवर माशी बसली की येई, आणि एकदा तर पाद्र्याच्याच सासूच्या दफनविधीला आलं. ते देवाचं की आत्याचं, हे ठरवायला चर्चच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली होती. बैठकीतही ती हसली, म्हणून निर्णय झाला नाही.

तिच्या आयुष्यातलं दुसरं मोठं काम म्हणजे आजोबांना बायबल वाचून दाखवणं. आजोबांना, म्हणजे एसा टॅकेट यांना, अक्षरओळख नव्हती. आत्या सात वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी जेवण झालं की ती ओसरीच्या पायरीवर बसून वाची आणि ते तंबाखू चघळत ऐकत. सत्तावीस वर्षांत पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अकरा वेळा झालं. आपली टोपी कुठे ठेवली हे आजोबांना कधी आठवायचं नाही, पण कुठल्या राजाला किती मुलगे आणि त्यातला कुठला नालायक, हे विचारा. तो म्हातारा चालतंबोलतं बायबल होता आणि पानं मात्र आत्याच्या हातात होती.

आत्याचं लग्न झालं नाही. दोन स्थळं आली होती. एकाला पाहून तिला हसू आलं आणि दुसऱ्यानं ते ऐकलं.

तर एकोणीसशे छत्तीस साल. तीन वर्षं ओळीनं कापूस जळला आणि मालकानं जमीन विकायला काढली. आर्विनहून बाबांच्या चुलतभावाचं पत्र आलं की इकडे द्राक्षं तोडणीला येतात, सोमवारी सकाळी मळ्याच्या फाटकाशी हजर असेल त्याला काम मिळतं. पत्राच्या खाली एक ओळ आत्यासाठी होती. गावात ताडपत्री आणि कापसाच्या पिशव्या शिवायचं दुकान आहे, तिथे मशीनवर बसायला बायका हव्यात. आत्यानं जन्मभर पिठाच्या पोत्यांचे झगे हातानं शिवले होते. शिवणयंत्राला तिनं एकदाच हात लावला होता, तोही दुकानाच्या खिडकीच्या काचेवरून. ती ओळ तिनं कापून घेतली आणि बायबलात ठेवली. चौतिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवं होतं आणि ते ती लपवतही नव्हती.

बाबांनी, म्हणजे ऑर्व्हल टॅकेटांनी, जुनी डॉज गाडी मागून कापून तिचा ट्रक केला. वर गाद्या, बाजूला भांडी, मागे कोंबड्यांचा पिंजरा. निघायच्या सकाळी आई, म्हणजे लुरा टॅकेट, रडत होती, आजोबा गप्प होते, माझी जुळी भावंडं ओडेल आणि आयडेल आई रडते म्हणून भोकाड पसरून बसली होती. हे आत्याला सहन होईना. ती गाडीच्या पायरीवर चढली आणि तिनं जाहीर केलं की आपण काही घर सोडून चाललेलो नाही, आपण मिसर देशाच्या गुलामीतून सुटून देवानं कबूल केलेल्या भूमीकडे निघालेले इस्राएल लोक आहोत, आणि आता नावं वाटायची आहेत.

बाबा गाडी चालवणार, म्हणून ते लोकांना नदीपलीकडे नेणारा यहोशवा. ती स्वतः मोशेची बहीण मिर्याम, कारण मिर्यामेकडे डफ होता आणि आत्याकडे पत्र्याचं ताट होतं. आम्ही तिन्ही पोरं म्हणजे कुरकुर करणारी प्रजा. आईनं विचारलं, माझं काय. यहोशवाच्या गोष्टीत ठळक बाई एकच, राहाब, आणि राहाब वेश्या होती हे आईला चांगलं ठाऊक होतं. टेक्सासची हद्द लागेपर्यंत ती नणंदेशी बोलली नाही. इस्राएलांचे वंश बारा पाहिजेत, म्हणून आत्यानं मोजणी केली. माणसं सात, कोंबड्या चार आणि कुत्रा एक. बरोबर बारा भरले. तेव्हा तिला जे हसू सुटलं त्यात आईसुद्धा हसली आणि मग नाइलाजानं पुन्हा फुगली.

आजोबा त्या लोकांचा पुढारी मोशे, हे तर ठरल्यासारखंच होतं. पांढरी दाढी होती, हातात काठी होती, आणि त्यांना कुठे चाललोय हे कोणी विचारलं नव्हतं. नाव मिळाल्यावर ते जरा ताठ बसले.

फारो, म्हणजे मिसरचा जुलमी राजा, तेवढा बिघडला. जमिनीचे मालक प्रुइटसाहेब आमचा फारो व्हायचे होते, पण ते निरोप द्यायला भलंमोठं कलिंगड घेऊन आले आणि पोरांचे गाल ओढून रडले. आत्या म्हणाली, पुस्तकात असं नाही. पण कलिंगड घेतलं.

तो रस्ता मला आयुष्यात सगळ्यात मजेचा आठवतो, आणि हे आईला कधी सांगता आलं नाही. दिवसा गाडीच्या नळीतून काळा धूर निघे, तो इस्राएलांना वाट दाखवणारा मेघस्तंभ. संध्याकाळी त्याच नळीतून ठिणग्या उडत, तो अग्निस्तंभ. दोन्ही पुढे असायला हवेत, आमचे मागे होते, एवढाच फरक. अमरिल्लोच्या बाहेर बेकरीचा एक ट्रक खड्ड्यात आदळला आणि दुकानचे पांढरेशुभ्र पाव रस्त्यावर सांडले. चालकानं उचलून घ्या म्हटलं. आत्या ताट वाजवत ओरडली, मान्ना, देवानं आकाशातून पाडलेलं अन्न. आणि मान्ना उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडतात असं लिहिलं आहे, म्हणून सगळा आजच संपवायचा असा तिनं हुकूम काढला. आई मक्याच्या भाकरीचं पीठ वाचलं म्हणून खूश होती. आम्ही पोरांनी एवढा पाव खाल्ला की आयडेलला पुढचे वीस मैल पोट धरून गादीवर आडवं पडावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे उपाशी होतो. बाबा म्हणाले, डॉर्कस, किडे मी निवडून खाल्ले असते.

मग टुकुमकारीच्या पुढचा चढ आला आणि तिथे सगळं बिनसलं. त्या वेळी आम्हाला वाटलं होतं की तिथे सगळ्यात जास्त मजा आली.

इंजिन तापलं, रेडिएटर उकळून फुरफुरू लागला. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि बजावलं की गार होईपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही. आजोबांना अख्ख्या प्रवासात कोणी एक काम सांगितलं नव्हतं. ते उतरले, गाडीच्या पुढ्यात गेले, आणि या यंत्रापुढे हात जोडत बसायचं का असं काहीसं पुटपुटून त्यांनी काठीनं रेडिएटरला एक हाणली. काही झालं नाही. दुसरी हाणली. झाकण तोफेसारखं उडालं आणि पाण्याचा फवारा आमच्या डोक्यांवरून जाऊन कोंबड्यांवर पडला. कोणी भाजलं नाही ही देवाची कृपा. आत्या रस्त्याच्या कडेला बसकण मारून किंचाळली की मोशेनं खडकाला काठी मारली आणि पाणी निघालं. आम्ही एवढे हसलो की मागून येणारी एक गाडी अपघात झाला समजून थांबली.

एकटे आजोबा हसले नाहीत. दाढीवर उडालेले चार थेंब निथळत होते आणि ते काठीकडे पाहत होते. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, मोशेनं किती वेळा मारलं होतं गं. आत्या म्हणाली दोनदा. मी किती वेळा मारलं, त्यांनी विचारलं. दोनदाच, बाबा, असं म्हणून तिनं पुन्हा ताट बडवलं. ते कशासाठी विचारतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पुढचे पाचशे मैल ते खिडकीबाहेर बघत बसले. आम्हाला वाटलं, म्हातारा दमला.

शनिवारी दुपारी आम्ही टोपॉकला पोचलो. समोर कोलोरॅडो, तिच्यावर लोखंडी कमानीचा पांढरा पूल, आणि पलीकडे कॅलिफोर्निया. बाबांनी इंजिन गार करायला गाडी अलीकडेच थांबवली. आजोबा उतरले, रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर चढले आणि पलीकडे बघत राहिले. पलीकडे नेमकं अलीकडच्यासारखंच होतं, दगड, काटे आणि धूळ. ओडेलनं विचारलं, हेच का ते. आत्या म्हणाली, दुधामधाचे प्रवाह जरा पुढे आहेत.

बाबांनी हाक मारली. आजोबा ढिगावर खाली बसले आणि म्हणाले की तुम्ही व्हा पुढे, मला पलीकडे जायचं नाही. देवानं मोशेला खडकाशी बोलायला सांगितलं होतं, त्यानं रागानं दोनदा काठी मारली, आणि देव म्हणाला, तुला ती भूमी नुसती दिसेल, तिच्यात तुझा पाय पडणार नाही. बायबलातलं गणनेचं पुस्तक, विसावा अध्याय. त्यानं डोंगरावरून पाहिलं आणि तो तिथेच मेला. तेव्हा यात वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

आत्या हसायला तोंड उघडून तशीच राहिली.

आधी सगळ्यांना वाटलं, थट्टा करतायत. मग आईनं जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मामंजी खरंच बसलेत." ते खरंच बसले होते. काठी मांडीवर आडवी, टोपी गुडघ्यावर, आणि चेहऱ्यावर पाहुणे गेल्यावर दार लावून घेतलेल्या माणसाचं समाधान.

पुढचा तासभर तिथे जे चाललं त्याला धर्मचर्चा म्हणायचं की तमाशा, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबा म्हणाले, मोशे एकशेवीस वर्षांचा होता, तुम्ही शहात्तर. आजोबा म्हणाले, त्या काळी माणसं जास्त जगत, प्रमाण तेच आहे. आत्या म्हणाली, तुम्ही मोशे नाहीच, चुकून म्हटलं, तुम्ही त्याचा भाऊ अहरोन. आजोबा म्हणाले, अहरोन तर मोशेच्या आधी मेला. बरं, मग मीच मिर्याम आहे ना, आणि मी तर पलीकडे जातेय. मिर्याम त्या विसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात मेली, आजोबा म्हणाले, आणि तसं पाहिलं तर वीस वर्षांवरचा एकही माणूस पलीकडे गेला नाही, यहोशवा आणि कालेब सोडून. यावर आईनं परकर झटकला आणि विचारलं, मग द्राक्षं तोडायला काय हे यहोशवा आणि कोंबड्याच जाणार का.

एवढ्यात आमच्या मागे आर्कान्साची एक गाडी थांबली. तिच्यातून स्कॅग्ज नावाचा एक लठ्ठ गृहस्थ उतरला. तो बाप्टिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाचा होता आणि वाद चाललाय म्हटल्यावर त्याला गाडीत बसवेना. सगळं ऐकून घेऊन त्यानं पँट वर ओढली.

"काका, तुमचं एक राहिलं," तो म्हणाला. "मोशे गेला की पलीकडे. येशू डोंगरावर तेजस्वी झाला तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभं होतं? एलिया आणि मोशे. तो डोंगर कुठे होता? कनानातच की, नदीपलीकडच्या त्याच भूमीत."

 बाबांनी स्कॅग्जकडे असं पाहिलं की जणू भाऊच भेटला. आजोबांनी गुडघ्यावरची टोपी नीट बसवली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण त्याला मध्ये चौदाशे वर्षं लागली. तेवढी मी इथे थांबतो."

आत्याला हसू आलं. तिनं पदर नव्हता म्हणून झग्याची बाही तोंडात कोंबली. पण मला जवळून दिसत होतं की तिचे डोळे हसत नव्हते.

बाबांनी तिला गाडीमागे ओढलं. मी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना पाणी पाजत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाबा म्हणाले, सोमवारी सकाळी फाटकाशी नसलो तर काम दुसरा घेईल, आणि सहा तोंडं उपाशी राहतील. इंजिन गार झालं की निघायचं. म्हातारा आला नाही तर त्याच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं. मला गाडी चालवायची आहे, लुराला पोरं आहेत. पुढे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. घरात बिनलग्नाची बहीण असली की असं वाक्य अर्धंच म्हणावं लागतं.

"दादा, मशीनवर सोमवारपासूनच बसायचंय," आत्या म्हणाली.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. मग ते खाली बघत म्हणाले, "त्यांना कुठे वाचता येतंय? पुस्तक उघड आणि वाच काहीतरी. मोशे गेला पलीकडे म्हणून वाच. देव रागावला तर माझ्यावर घाल."

सत्तावीस वर्षांत आत्यानं पुस्तकातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. ती पुस्तक घेऊन ढिगावर चढली, आजोबांच्या शेजारी बसली आणि म्हणाली की अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आपण काहीतरी विसरतोय. तिनं पान उघडलं. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा घाईचा. मोशे नबो डोंगरावर चढला, देवानं त्याला सगळी भूमी दाखवली, आणि मग, आत्या वाचत होती, देव त्याला म्हणाला, ऊठ, आता नदी ओलांडून...

"पोरी," आजोबा म्हणाले, "तिथे 'तुझा पाय तिथे पडणार नाही' असं आहे."

आत्यानं पुस्तक मिटलं. तिचे कान लालभडक झाले होते. आजोबांनी तिला रागावलं नाही. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठे ते खरं बोलले. म्हणाले, तू खोटं वाचलंस म्हणून राग नाही, वाचलंस ते माझ्यासाठीच. पण मला सांग, पलीकडे माझं काय काम आहे? द्राक्षांच्या ओळीत शहात्तर वर्षांच्या माणसाला कोण उभं करतं? आपल्या गावात मी निदान एसा टॅकेट होतो, माझी बायको तिथे पुरलीय, माझ्या हातची विहीर आहे. तिकडे मी ऑर्व्हलच्या ताटातला एक जास्तीचा हात. वाटेत एका यंत्राला हात लावला तर तेही फोडून ठेवलं. तू मोशे म्हणालीस ना, ते मला आवडलं. मोशेचं काम लोकांना काठापर्यंत आणायचं. आणलं मी.

 पलीकडे त्यांचं काय काम होतं, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

खाली बाबांनी इंजिनाचं झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. कुत्रा भुंकला. स्कॅग्जनं टोपी काढली. आत्या ढिगावरून उतरली, गाडीवर चढली आणि गादीखालून तिनं आपलं गाठोडं ओढून काढलं. दोन झगे, पत्र्याचं ताट, सुया-दोऱ्याचा डबा, एवढंच होतं त्यात. बाबांनी पाण्याचा एक डबा आणि ताडपत्रीचा तुकडा खाली ठेवला आणि पहिल्या आठवड्याचा पगार झाला की न्यायला येतो म्हणाले. आई तिच्या गळ्यात पडून रडली. राहाब म्हटल्याचा राग तिनं तिथेच सोडला. म्हणाली, "वन्सं, हा उन्हाचा तवा आहे हो, इथे तुम्ही राहणार कशा?" आत्या म्हणाली, पुस्तकात चाळीस वर्षं राहिलेत, आठवडा काय मोठा. पण ते तिनं न हसता म्हटलं. माझ्या दहा वर्षांच्या आयुष्यात मी आत्याला विनोद करून न हसलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला भयंकर भीती वाटली.

ती परत ढिगावर गेली. गाठोडं आपल्या आणि आजोबांच्या मध्ये ठेवलं आणि पुलाकडे बघत बसली. मग तिच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. गाडी दहा पावलं पुढे गेली होती. मी मागच्या बाजूनं गाद्यांवरून बघत होते.

आजोबांनी आधी गाठोड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग बराच वेळ आपल्या जोड्यांकडे.

"पोरी, मोशेला मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन," आत्या नाक ओढत म्हणाली.

"नावं?"

"गेर्षोम आणि अलियेजर."

"आणि मुलगी?"

आत्यानं त्यांच्याकडे मान वळवली. "मुलीचं कुठे लिहिलेलं नाही, बाबा."

"नीट आठव. अकरा वेळा वाचलंयस."

"नाही. मोशेला मुलगी नव्हती."

"मग तो डोंगरावर एकटा मेला त्यात नवल काय," आजोबा म्हणाले. "चल, मला उठव."

मी गाडीच्या टपावर एवढ्या जोरात हात आपटला की बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि कोंबड्यांचा पिंजरा आईच्या मांडीवर आला. मागे वळून पाहिलं तर आजोबा गाडीत बसायला तयार नव्हते. आत्याचं गाठोडं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकलं होतं आणि ते कोणालाही हात लावू देत नव्हते. पुलावरून ते चालत निघाले, मागोमाग झग्याच्या बाहीनं तोंड पुसत आत्या, तिच्यामागे आमची गाडी, आणि तिच्यामागे हॉर्न वाजवत स्कॅग्ज. आत्याचे खांदे गदागदा हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे मला विचारायचं राहूनच गेलं.